कापलेली तार

पिकअपचं सगळं व्यवस्थित चालत होतं. फक्त हॉर्न वाजला नाही.

व्हर्ना टोलेफसनने बटण पुन्हा दाबलं. ते हलत्या दातासारखं सैल होतं. आवाज नाही.

"तीस वर्षांच्या गाडीत एवढं चालायचंच," विक्रेता म्हणाला. "ओमाहाच्या दंतवैद्याची गाडी. डांबरी रस्ता सोडून कधी उतरली नाही. इंजिन अजून दोन लाख मैल कुरकुरणार नाही. बाईमाणसाला टपाल वाटायला आणखी काय पाहिजे?"

"बाईमाणसाला बॉनेट उघडून पाहिजे."

नळ्या, पट्टे वेळच्या वेळी बदललेले होते. एवढ्या जपलेल्या गाडीत हॉर्नची तार मात्र पकडीने कापलेली. सीटखाली पेंडीचा चुरा. मागच्या फळीच्या रबराखाली, पांढऱ्या रंगाआड, हिरवा रंग.

ओरिन हास्कॅम्पच्या गुरांच्या रँचवरून जानेवारीत अशीच हिरवी पिकअप चोरीला गेली होती. किल्ली नेहमीसारखी गाडीतच होती. आळ आला गड्यावर, एमेटवर. एमेट व्हर्नाचा धाकटा भाऊ. पुरावा नव्हता म्हणून खटला झाला नाही, पण आसपासच्या एकाही रँचवर त्याला काम मिळेना. रविवारी तो परगणा सोडून कायमचा निघणार होता. ओरिन त्याला खंडाने देणार होता ते पूर्वेचं कुरण आता ओरिनच्या पुतण्याकडे, लॉवेलकडे गेलं होतं.

व्हर्नाने गाडी विकत घेतली. घरी येऊन तार जोडली. कुणाला बोलली नाही, एमेटलाही नाही.

"नंबर भंगारात गेलेल्या दुसऱ्या गाडीचा आहे," शेरीफचा डेप्युटी ओस्ट्रँडर फोनवर म्हणाला. "म्हणजे खोटा बसवलाय, पण कुणी ते कागदांवरून कळत नाही. नुसत्या रंगावरून काही सिद्ध होत नाही, व्हर्ना. सोडून दे."

"नाही सोडणार. उद्या सकाळी ओरिनच्या कुरणावर ये."

सकाळी एमेट तिच्या शेजारी बसला. "मान खाली घालायची नाही," तिने बजावलं. कुंपण दिसताच त्याचा हात सवयीने हॉर्नकडे गेला. तिने तो धरला. "थांब."

कुंपणाशी ओरिन काठीवर रेलून उभा होता; शेजारी लॉवेल आणि आपल्या गाडीला टेकलेला ओस्ट्रँडर. लॉवेल हसला. "काका, चोर आता पांढऱ्या गाडीतून फिरतोय की!"

व्हर्ना उतरली. "ओरिन, पेंड घालायला गायींना कसं बोलवायचात?"

"त्या हिरव्या गाडीच्या हॉर्नने. दुसऱ्या हॉर्नला दाद देत नाहीत."

"ओस्ट्रँडर, तुझा वाजव."

त्याने वाजवला. पवनचक्कीपाशी चरणाऱ्या कळपातल्या एकाही गायीने मान वर केली नाही.

"आता हिचा."

"काय तमाशा लावलाय?" लॉवेल ओरडला. "तिचा हॉर्न वाजतच नाही!"

व्हर्ना त्याच्याकडे वळली.

"तुला कुणी सांगितलं?" व्हर्नाने विचारलं.

"कुणी कशाला? जुनी गाडी... अंदाज."

तिने खिडकीतून हात घालून बटण दाबलं. घसा बसलेल्या बदकासारखा हॉर्न ओरडला. चाळीस गायी एकदम वळल्या आणि धावत सुटल्या.

"परका चोर तार कशाला कापेल?" व्हर्ना म्हणाली. "बटण सैल आहे, खड्ड्यात हॉर्न आपोआप वाजतो. कुरणातून गाडी पळवताना वाजला असता तर कळप मागे लागला असता, ओरिन जागे झाले असते. हे पेंड घालणाऱ्या दोघांनाच माहीत. एमेट आणि लॉवेल."

"मग एमेटच कशावरून नाही?" ओस्ट्रँडरने विचारलं.

"मघाशी तो हॉर्न वाजवायला निघाला होता. तार कापणाऱ्याला हॉर्न मेलाय हे माहीत असतं. हा लॉवेल आज गाडीत बसलासुद्धा नाही आणि त्याला ते माहीत आहे. एमेट गेल्यावर कुरण कुणाला मिळालं, बघ."

लॉवेलने काकाकडे पाहिलं. ओरिनने पाहिलं नाही. ओस्ट्रँडरने लॉवेलचा दंड धरला.

गायी कुंपणाच्या तारेला नाकं लावून पिकअपला हुंगत होत्या.

"एमेट," ओरिन खाकरला, "सोमवारपासून कामावर ये. पोरी, गाडी तुझ्याकडेच राहू दे."

"आधी माफी," व्हर्ना म्हणाली. "इथे नाही. गावातल्या कॅफेत, सगळ्यांसमोर. त्याला चोर तिथेच म्हणालात."

म्हाताऱ्याने काठी गाडीत टाकली आणि तो एमेटच्या शेजारी चढून बसला.

पहिल्याच खड्ड्यात हॉर्न आपोआप वाजला. कुंपणाच्या कडेकडेने सगळा कळप गाडीबरोबर धावू लागला.