डाव्या सीटवरचा अप्पा

ज्याला पटणार न्हाई त्यानं इथंच थांबावं. मला कोणाला पटवायचं न्हाई. हे माझ्या अंगावरून गेलंय, ऐकीव न्हाई.

तारीख सोळा मे २०१३. गुरुवार. दुपारचे पावणेबारा.

होय, दुपारचे. भुतं रात्रीच निघतात असं म्हणणाऱ्यानं बीडचा उन्हाळा बघितलेला नसणार.

मी शहादेव, ड्रायव्हर. नांदूरघाटाकडं आमच्या गावच्या सोसायटीची एक जुनी सहाचाकी होती. आधी ऊस वाहायची. त्या साली दुष्काळ, ऊस कुठला... जनावरं छावणीला अन् माणसं टँकरला. सोसायटीनं गाडीवर पाण्याची टाकी बसवली. पण भरल्या टाकीनं डोंगराची चढण घ्यायची म्हटलं की इंजिनाला धाप लागायची. मग चेअरमन अर्जुनरावांनी भंगारात निघालेल्या दहाचाकीचं मोठं इंजिन आणलं अन् बसवायला दिलं मन्मथप्पा मिस्त्रीकडं.

अप्पा म्हणजे माझा गुरू. स्टेअरिंग धरायला त्यानंच शिकवलं. माझ्या लग्नात मामाच्या जागी तोच उभा होता.

मी त्याला सरळ विचारलं होतं.

"अप्पा, इंजिन हेवी झालं. पण गिअरबॉक्स जुना, मागच्या चाकाला जोर देणारा शाफ्ट जुना. बैलाच्या जोत्याला हत्ती जुंपल्यावानी व्हायचं."

"शाफ्ट नवा टाकलाय बे. लई विचार करू नको."

"बघ हं. चढणीला तुटला तर मी जित्ता ऱ्हात न्हाई."

आमच्याकडं एक रीत हाय. मोठं काम केलेली गाडी पहिल्यांदा भरून निघाली की मिस्त्रीनं ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. आपल्या कामावर आपलाच जीव आधी ठेवायचा. अप्पा लिंगायत. त्यानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

"पहिल्या खेपेला मी तुझ्या शेजारी असंन. झालं समाधान?"

झालं. माझं तर तेवढ्यावरच झालं.

गुरुवारी सकाळी गॅरेजवर गेलो तर म्हणाला, "तू टाकी भरून घे, मी विहिरीवर येतो." टाकी भरली. अप्पाचा पत्ता न्हाई. फोन लागंना. पाइप गुंडाळला, दार उघडून वर चढलो...

अप्पा डाव्या सीटवर बसलेला.

तोंड खिडकीकडं. डोक्यावर टॉवेल. एक हात गळ्याशी.

"कवा आलास?"

त्यानं मान बी वळवली न्हाई.

मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. गाडी काढली.

ती डावी सीट मोडकी होती. मांजर बसलं तरी करकरायची. रस्त्याला खड्डे होते, मी जागेवरून उडत होतो. पण ती सीट...

एकदा बी वाजली न्हाई.

तंबाखूचा वास बी न्हाई. अप्पा शेजारी बसलाय अन् तंबाखू मळत न्हाई, असं कधी झालं न्हवतं. पाण्याची बाटली पुढं केली. घेतली न्हाई. मग माझी नजर त्याच्या हातावर गेली...

नखं स्वच्छ होती.

तीस वर्षं ग्रीसमध्ये घातलेल्या माणसाची नखं.

गाडी थांबवावी म्हटलं. पण तवर चढण आली होती. पायथ्याला वस्तीतल्या बायका रस्त्यातच हंडे मांडून बसलेल्या. त्यात माझी चुलती छबुबाई. "माघारी येताना आमाला बी दे रे बाबा," म्हणाली. मी मान हलवली अन् गाडी वर घातली.

नवं इंजिन जोरात ओढत होतं. अर्धी चढण झाली. तेवढ्यात पायाखालून आवाज आला...

टक्.

टक्... टक्...

अन् धाडकन शाफ्ट तुटला. तुटलेलं टोक गरगरत ब्रेकच्या पाइपावर बसलं. पेडल खाली गेलं ते वर आलंच न्हाई. हँडब्रेक ओढला, तो बी पोकळ.

भरली गाडी उलटी निघाली अन् घसरत बायकांच्या जवळ आली. आरशात बायका दिसत होत्या. काही उठल्या होत्या, काही न्हाई.

"अप्पा, दगड लाव!"

डावं दार उघडलं...

अन् मिटलं.

सीट रिकामी. गाडी हिसका देऊन जागच्या जागी थांबली.

खाली उतरलो. मागच्या चाकाखाली धोंडा होता. दोन गड्यांना हलणार न्हाई एवढा. छबुबाई वीस पावलांवर, डोक्याला हात लावून उभी.

"काकू, अप्पा कुठं गेला?"

"कोण अप्पा? दार उघडलं अन् मिटलं, येवढं बघितलं मी. उतरलं तर कोणीच न्हाई."

मी गाडीखाली शिरलो. शाफ्ट नवा न्हवता. जुन्यालाच काळा रंग मारला होता. तुटल्या जागी आतवर गंज चढलेला.

तरी कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून गॅरेजकडं जाताना मी मनाला समजावत होतो. खोटं बोलला, पण आला तर होता.

गॅरेजात अप्पा बाजेवर बसला होता. अंगात बनियन, हात कोपरापर्यंत काळे. शेजारचा चहावाला धर्मराज म्हणाला, "मिस्त्री सकाळपासून इथून उठला बी न्हाई."

अप्पानं मला बघितलं. हातातला कप सुटला.

"तू... माघारी कसा आलास?"

तिथंच मला कळलं, शाफ्ट तुटणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. कारण पुढं धर्मराजनं सांगितलं. शाफ्ट टिकायचा न्हाई, हे अप्पानं चेअरमनला म्हटलं होतं. चेअरमन म्हणाले, कसं बी करून गाडी चढव, तुला सोसायटीच्या वर्कशॉपात कायम करतो.

"असं कावून केलंस, अप्पा?" येवढंच विचारलं.

त्याचा हात गळ्याकडं निघाला अन् अर्ध्यातच थांबला.

अप्पा कायम झाला. मी सोसायटी सोडली. बारा वर्षं त्याच्या दारात पाय ठेवला न्हाई. मी पोटच्या पोरावर ठेवला नसता एवढा विश्वास त्या माणसावर ठेवला होता.

मागल्या संकष्टीला लिंबागणेशला, गणपतीच्या देवळात अप्पाची बायको, नीलम्मावैनी भेटल्या. बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "भावजी, कोणाला सांगू नका. त्या सालापासून हे रोज पावणेबाराला खुर्चीत बसतात. डोक्यावर टॉवेल, हात गळ्याशी. हाक मारली तर ओ देत न्हाईत, पापणी हलत न्हाई. तासाभरानं भानावर येतात अन् पाणी मागतात. डॉक्टर झाले, देव झाले..."

मग माझ्याकडं बघून विचारलं...

"तेवढा वेळ कुठं जात असतील ओ हे?"



आता माझी स्वतःची गाडी हाय. सीटा नव्या. पण पावणेबारा वाजले की मी डावीकडं बघत न्हाई. कधी वाटतं, समोर रस्त्याकडं बघतच म्हणावं, "जा अप्पा घरी. केलं माफ."

पण केलेलं न्हाई.

अन् त्या सीटशेजारी बसून खोटं बोलायची माझी छाती न्हाई.