ऐकणारी

राजारामपुरीतल्या त्या खासगी दवाखान्यात एके दिवशी सगळ्या नर्सेसना जेवणाच्या खोलीत बोलावलं, तेव्हा राजमती बिरनाळे मागे हात धुवायच्या बेसिनपाशी उभी राहिली. ऑफिसातली आदिती मोबाईल उंच धरून समजावून सांगत होती. गेल्या महिन्यात अतिदक्षता विभागातला एक तरुण ब्रदर ड्युटीवर असतानाच भिंतीला टेकून खाली बसला होता, आणि काही केल्या त्याला उठता येईना. तो पुन्हा कामावर आला नाही. त्यानंतर व्यवस्थापनाने हे ॲप आणलं होतं. नाव होतं 'सोबत'.

"मनात साठवून ठेवायचं नाही, बोलून टाकायचं," आदिती म्हणाली. "हिरवं बटण दाबलं की पलीकडं कुणीतरी असतं. तुमच्यासारखंच, दवाखान्यात काम करणारं. तुमचं नाव त्यांना कळत नाही, त्यांचं तुम्हाला नाही."

"आणि पलीकडचं माणूस आमच्यापरीस वैतागलेलं असलं म्हंजे?" मोनाने विचारलं. मोना राजमतीच्याच अतिदक्षता विभागातली सगळ्यात लहान सिस्टर. सगळ्या हसल्या. राजमतीही हसली, मग सगळ्यांसारखं तिनेही ॲप घेतलं आणि विसरून गेली.

ती मूळची कुरुंदवाडची. नवऱ्यापासून वेगळी होऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भाऊ अण्णाप्पा गावी शेती आणि खताचं दुकान सांभाळायचा. ती राजारामपुरीतच एका गल्लीत, क्लासच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायची. सकाळची पाळी संपवून दुपारी घरी आली, की खालून पोरांच्या गाड्यांचा आणि सरांच्या माईकचा आवाज यायचा. संध्याकाळी क्लास सुटला, की एकदम काहीच ऐकू यायचं नाही.

विभागात मात्र तिचं वेगळंच होतं. जाणारं माणूस एकटं जाऊ नये, असा तिचा स्वतःपुरता नेम होता. शेवट जवळ आला हे तिला डॉक्टरांच्याही आधी कळायचं. मग ती स्टूल ओढून बसायची, हात हातात घ्यायची आणि हळू आवाजात काहीबाही बोलत राहायची. पिकाचं, पावसाचं, आज नाश्त्याला काय केलं त्याचं. शुद्ध गेली तरी कान शेवटपर्यंत जागे असतात, असं तिला शिकवलं होतं, आणि तिचा त्यावर विश्वास होता.

अशाच एका दिवशी एक ट्रकड्रायव्हर गेला. मोनाच्या वयाचा असेल. राजमती घरी आली, पाणी प्यायली आणि खुर्चीत बसली. ऊन सरकत भिंतीवर गेलं, तरी ती तशीच होती. दवाखान्यातून निघाल्यापासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही, हे तिच्या ध्यानात आलं. रिक्षावाल्यालाही नुसता हात केला होता. तिने मोबाईल घेतला आणि हिरव्या बटणावर बोट नेलं.

"बोला सिस्टर," पलीकडून आवाज आला. "मी हाय."

बाईमाणूस होतं, वयस्क. बोलणं अगदी खेड्यातलं. एखाद्या दवाखान्यातली मावशी असेल, असं राजमतीला वाटलं. मागे पाणी बुडबुडत होतं. ऑक्सिजनच्या नळीला लावलेल्या बाटलीतलं पाणी तसं बुडबुडतं. म्हणजे बाई कामावरूनच बोलत होती.

राजमतीने त्या ट्रकड्रायव्हरचं सांगितलं. त्याच्या दंडावर गाडीचा नंबर गोंदवलेला होता, तेही सांगितलं. पलीकडची बाई मध्ये काही बोलली नाही. फक्त "व्हय", "मग वो?" एवढंच. फोन ठेवला तेव्हा क्लास सुटून गेला होता आणि राजमतीला ते कळलंही नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. पलीकडे दर वेळी कुणी वेगळं असणार, असं आदिती म्हणाली होती. पण आवाज तोच असायचा. राजमतीला ते बरंच वाटलं. दुपारी जिना चढतानाच आज काय काय सांगायचं, ते ती मनात लावायची. लहानपणी नदीच्या पुरात घाट बुडायचा ते, सासरची कडू वर्षं, नव्या डॉक्टरांचा चिडका स्वभाव. बाई सगळं ऐकायची.

एकदा बाई म्हणाली, "उठा आता अक्का, जेवून घ्या. दिवस मावळाय लागलाय."

फोन ठेवल्यावर राजमती भांड्यांच्या कपाटासमोर थोडा वेळ थांबली. अक्का तिला फक्त अण्णाप्पा म्हणायचा. आणि दिवस मावळायच्या आत जेवायची घरची रीत ती अजून पाळत होती, पण हे आपण त्या बाईला कधी सांगितलं, ते काही आठवेना. सांगितलं असेल. इतकं बोलतो आपण. तिने भात टाकला.

विभागात तिचं बोलणं कमी होत गेलं. "ताई, तुमाला काय झालंय?" एकदा चादर बदलताना मोनाने विचारलं. "पयलं पेशंटसंगं किती बोलायचासा. आता नुसतं बसून असता."

ते खरं होतं. शब्द जणू दुपारसाठी राखून ठेवावेत, तसं तिला व्हायचं. अण्णाप्पाचा फोन आला, "अक्का, रूपालीचा साखरपुडा रविवारी हाय. येणार न्हवं?" तेव्हा ती ड्युटी आहे म्हणाली. ड्युटी नव्हती. भावाशी बोलतानाही तिचं अर्धं लक्ष हिरव्या बटणाकडे होतं.

फोन ठेवल्यावर तिचं तिलाच चमत्कारिक वाटलं. सख्ख्या भाचीपेक्षा ही कोण कुठली बाई जवळची? निदान तिला एकदा भेटावं, साडी-चोळी करावी, असं मनात घेऊन दुसऱ्या दिवशी ती आदितीकडे गेली.

"नाव सांगता येत नाही सिस्टर," आदिती म्हणाली. "पण तुमचा निरोप पोचवते. थांबा हं." ती कॉम्प्युटरकडे बघत राहिली. मग तिने चष्मा काढून पुसला. "तुम्ही फोन केल्याचं दिसतच नाहीये."

"रोज करते की."

"नाही, बोलणं झालेलं दिसतंय. रोज. पण फोन त्यांनी केलाय, दर वेळी. तुम्ही उचललाय. म्हणजे मदत मागणाऱ्या त्या, आणि ऐकणाऱ्या तुम्ही. तुमचं बटण उलटं जोडलं गेलंय वाटतं." ती ओशाळं हसली. "आणि त्या आपल्याच इथल्या आहेत की. आपला अतिदक्षता विभाग."

"कोण?"

"स्टाफचा नंबर दिसायला पाहिजे. इथं काहीच नाही."

अतिदक्षता विभागात सगळ्या मिळून जितक्या बायका कामाला होत्या, त्या सगळ्यांचे आवाज राजमतीला झोपेतही ओळखता आले असते. तो आवाज त्यांतल्या कुणाचाच नव्हता.

त्या दुपारी ती घरी आली आणि मोबाईल टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसली. बटणाला हात लावला नाही. खाली सरांचा माईक चालू होता. थोड्या वेळाने मोबाईलचा पडदा आपोआप उजळला आणि पाण्याचं बुडबुडणं खोलीत आलं.

"अक्का? आज गप का?"

राजमतीने घसा साफ केला. "तुम्ही कोण?"

पाणी बुडबुडत राहिलं.

"कुठून बोलताय तुम्ही?"

"हितनंच की." आवाजात कसलाही राग नव्हता. "तुमीच आणून सोडलासा न्हवं. हात धरून, पार दारापतोर."

राजमतीने खुर्ची मागे सरकवली.

"लई चांगलं केलासा," बाई म्हणाली. "पर हितं कोण कुणासंगं बोलत न्हाय वो. ज्यो त्यो आपल्या जागी. तुमचा आवाज आला की बरं वाटतं."

खाली माईक बंद झाला. पोरं जिन्यावरून उतरायला लागली. त्या गलक्यातही पाण्याचा आवाज वेगळा ऐकू येत होता. आता तो एका बाटलीचा नव्हता. दोन होत्या. मग आणखी काही. मग कितीतरी, जवळच्या, लांबच्या, एकमेकींत मिसळलेल्या.

"वाईच मोठ्यानं बोला अक्का," बाई म्हणाली. "मागं बसल्यात त्यास्नी ऐकू येत न्हाय."

राजमतीने मोबाईल बंद केला. बॅटरी काढता येईना, म्हणून तो उशीखाली घालून ती तशीच चपला अडकवून खाली गेली आणि दुकानांचे दिवे लागेपर्यंत माणसांमधून नुसती चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी मोनाकडून तिने ते ॲप काढून घेतलं. का, ते सांगितलं नाही. मोनानेही विचारलं नाही, फक्त डब्यातली अर्धी पोळी तिच्यापुढे सरकवली. रविवारी ती कुरुंदवाडला गेली. रूपालीच्या केसांत गजरा माळला, बायकांत बसून पोटभर बोलली, हसली. "अक्का, आवाज बसला बघ तुझा," अण्णाप्पा म्हणाला, तेव्हा तिला फार दिवसांनी हलकं वाटलं. नंतर ती मोनाबरोबर जेवायला बसू लागली. दुपारी घरी न जाता दोघी कधी मंडईत जायच्या. पेशंटजवळ बसायचं मात्र तिने सोडलं. शेवट जवळ आला, की ती नातेवाइकांना आत बोलवायची आणि स्वतः बाजूला व्हायची.

मग कळंब्याकडची धोंडुबाई आली. न्युमोनिया होता, म्हातारी बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होती. वाचेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण ती वाचली. एका सकाळी डॉक्टरांनी तिच्या घशातली नळी काढली, तेव्हा विभागात लख्ख ऊन आलं होतं. समोरच्या तीन खाटांवरचे पेशंट शुद्धीवर नव्हते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून राजमतीने आणि मोनाने नुकतंच त्यांना पलीकडच्या खिडकीकडे तोंड आणि धोंडुबाईकडे पाठ करून कुशीवर वळवलं होतं. मोना औषधं आणायला बाहेर गेली.

"आजी," राजमती वाकून म्हणाली, "डोळं उघडा. बरं वाटतंय न्हवं?"

धोंडुबाईने डोळे उघडले नाहीत. तिने मान थोडी तिरकी केली, लांबून येणारं काही ऐकावं तशी. मग तिच्या सुकलेल्या ओठांवर हसू आलं.

"व्हय, ह्योच आवाज," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुमीच व्हय त्या? तिकडं समदी वाट बघाय लागल्यात. बोलायचं का सोडलासा?"

राजमतीने सलाईनचे थेंब बघितले, चादर नीट केली. मग तिने पाठीमागे वळून बघितलं.

समोरच्या तिन्ही खाटांवरचे चेहरे तिच्या बाजूला वळलेले होते.