त्रेचाळिसावा क्लॅम्प

एवढीशी पट्टी. वाकवली तर अंगठीपेक्षा जरा मोठी. तरीही सकाळी नऊपासून तिने तिघांना जेरीस आणलं होतं. त्या तिघांत एक वैमानिक होती, एक विमानाच्या इंजिनांवर पस्तीस वर्षं काम केलेले आजोबा होते आणि एक यंत्रमानव होता.

सन २०४९ मधल्या मे महिन्याची ही गोष्ट. कोरेगावजवळच्या माळावर निकमांची मोठी पत्र्याची शेड होती. तिथे आबा आणि सायलीआत्या चार वर्षं स्वतःच्या हातांनी दोन आसनांचं विमान बांधत होते. त्याचं नाव ‘भिंगरी’. ते उसापासून काढलेल्या इथेनॉलवर उडणार होतं. सातवीतली मनस्वी सुट्टी लागली की साताऱ्याहून थेट शेडमध्येच यायची. मदतीला यंत्रमानव होता. त्याच्या मोटारीचा आवाज कानाशी गुणगुणणाऱ्या किड्यासारखा होता, म्हणून मनस्वीने त्याचं नाव ठेवलं होतं घुंगुरटं.

त्या दिवशी दुपारी चार वाजता विमान तपासायला निरीक्षक पाटणकरबाई येणार होत्या. त्या या भागात तीन महिन्यांतून एकदाच येत. आज तपासणी झाली नाही, तर पाऊस सुरू होणार, गवताच्या धावपट्टीवर चिखल होणार आणि भिंगरीचं पहिलं उड्डाण थेट दसऱ्यानंतर जाणार.

सगळी कामं झाली होती. राहिला होता फक्त एक क्लॅम्प (नळी किंवा तारा जागच्या जागी धरून ठेवणारी पट्टी). इंजिनाजवळ असे त्रेचाळीस क्लॅम्प होते. बेचाळीस बसले. त्रेचाळिसावा इंधनाच्या नळीवर, अगदी अडचणीच्या जागी होता. पट्टीच्या आतल्या बाजूला रबराचं जाड अस्तर. नळीभोवती ती गुंडाळायची, तिचे दोन कान एकमेकांवर आणायचे आणि दोन्ही कानांच्या भोकांतून एकच बोल्ट घालून तो सांगाड्याला कसायचा. सांगायला सोपं. पण कान जवळ यायचेच नाहीत.

“पक्कड पुन्हा सटकली!” आत्याने घाम पुसला. तिच्या बोटाला खरचटलं होतं.

“मी तीस किलोचा जोर लावला,” घुंगुरटं म्हणालं. “आणखी लावला तर रबर फाटेल.”

मनस्वीने घड्याळात पाहिलं. साडेअकरा. “आत्या, इथे प्लॅस्टिकची पट्टी बांधली तर? बाकीचे बेचाळीस आहेत ना! एकाने काय होणार आहे?”

आत्याने हातातली पक्कड खाली ठेवली. तिच्याही मनात तेच आलं असावं. तिने आबांकडे पाहिलं.

“काय होणार, ते बघूच या,” आबा म्हणाले.

त्यांनी सांगाड्यातल्यासारख्याच ॲल्युमिनियमच्या नळीचा एक टाकाऊ तुकडा शिकंज्यात पकडला. इंधनाची नळी रबराची असली तरी तिच्यावर पोलादी तारांची जाळी विणलेली असते. तसल्याच नळीचा तुकडा त्यांनी घुंगुरट्याच्या हातात दिला. “हिला याच्यावर टेकव आणि सेकंदाला पंचेचाळीस वेळा हलव. अगदी थोडंसं.”

“पंचेचाळीसच का?” मनस्वीने विचारलं.

“आपलं इंजिन मिनिटाला सत्तावीसशे फेरे घेतं. भाग साठने. प्रत्येक फेऱ्याला सगळं विमान थरथरतं. यालाच कंपन म्हणतात (एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारी बारीक हालचाल). आता सांग, तासाभरात किती?”

मनस्वीने वहीवर गुणाकार केला. “एक लाख बासष्ट हजार!”

घुंगुरटं गुणगुणत राहिलं. दहा मिनिटांनी आबांनी त्याला थांबवलं. चकचकीत नळीवर काळी भुकटी जमली होती. मनस्वीने ती फुंकरीने उडवली. खाली चर पडलेला होता. तिची नखं त्यात अडकली.

“दहा मिनिटांत?” ती हळूच म्हणाली.

“पोलादी जाळी म्हणजे कानसच. इथे ती सांगाड्याची नळी कापेल, आणि जाळी झिजली की आतलं रबरही. मग इंधन गळेल, तेही तापलेल्या इंजिनावर. प्लॅस्टिकची पट्टी उष्णतेने मऊ पडते. क्लॅम्पमधलं रबर मात्र थरथर पोटात घेतं आणि नळीला घासू देत नाही. म्हणून ते जाड असतं आणि म्हणूनच ते आपल्याला छळतंय.”

प्लॅस्टिकच्या पट्टीचा विषय तिथेच संपला. पण क्लॅम्प कसा बसवायचा?

मनस्वी पाठीवर झोपून इंजिनाखाली सरकली. “घुंगुरट्या, पुन्हा दाब. फार जोर लावू नकोस. मला फक्त बघायचंय.”

घुंगुरट्याने चिमट्याने दोन्ही कान दाबले. मनस्वीने टॉर्च जवळ नेली. कानांजवळचं रबर दबून फटीतून बाहेर फुगत होतं. पोळीच्या सुरळीचं टोक दाबल्यावर आतला मुरांबा बाहेर यावा, तसं. आणि मागच्या बाजूला, नळीच्या पलीकडे, पट्टी सैलच होती.

“आबा! आपण फक्त टोकं दाबतोय. रबर सगळं तोंडाशीच गोळा होतंय. पट्टी सगळीकडून सारखी आवळली, तर रबराला तोंडाकडे धावावं लागणार नाही.”

“बरोबर. मग सगळीकडून कशी आवळशील?”

मनस्वी इंजिनाखालून बाहेर सरकली. “कडब्याची गाडी भरल्यावर दोर कसा आवळतात? दोरात काठी घालून पीळ देतात. तसं तारेने करू. पट्टीवरून तार गुंडाळायची आणि तिच्या टोकांना पीळ द्यायचा.”

आत्या हसली. “मी वैमानिक झाले, पण कडबा कधी भरला नाही!”

“पिळाने जोर का वाढतो, ठाऊक आहे?” आबांनी विचारलं. “पकडीचा एक फेरा घेताना तुझा हात वीतभर फिरतो आणि तार जेमतेम एक-दोन मिलिमीटर आखडते. लांब अंतरावरचा थोडा जोर लहान अंतरावर मोठा होतो. हाच यांत्रिक लाभ (साधनामुळे थोड्या जोरात जास्त काम होणं). यातला थोडा जोर घर्षणात वाया जातो, तरी पुष्कळ उरतो.”

मनस्वीने मऊ पोलादी तार घेतली. पहिली तार पिळताना तुटली. दुसरीही तुटली. दोन वाजून गेले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबले नाहीत.

“तू रबराला वेळच देत नाहीस,” आबा म्हणाले. “रबर आत सरकायला अवकाश लागतो. दोन पीळ दे आणि वीस आकडे मोज.”

तिसरी तार. दोन पीळ. एक, दोन, तीन... वीस. पुन्हा दोन पीळ. रबर मुकाट्याने पसरत होतं आणि कान केसाकेसाने जवळ येत होते. आठव्या पिळाला ते एकमेकांना टेकले.

“टेकले!” मनस्वी ओरडली. “पण भोकं समोरासमोर नाहीत. अर्धीच दिसतायत.”

आत्याने पोती शिवायचा दाभण दिला. त्याचं निमुळतं टोक अर्ध्या भोकात शिरलं. मनस्वी तो पुढे ढकलत गेली, तसतशी भोकं सरळ रेषेत आली. मग पलीकडून आत्याने बोल्ट लावला. बोल्ट आत आला तसा दाभण मागे सरला आणि मनस्वीच्या तळहातावर पडला. नट लावायला तिचीच बोटं त्या फटीत मावत होती. नट बोल्टच्या आट्यांवर चढला, घुंगुरट्याने तो ठरलेल्या जोराने कसला, आणि मनस्वीने तार कापून काढली. क्लॅम्प हलला नाही.

पाटणकरबाई चारला पाच मिनिटं कमी असताना आल्या. त्यांनी आरसा आणि टॉर्च घेऊन एकेक क्लॅम्प पाहिला. शेवटच्या पट्टीवर तारेचा बारीक वळ दिसताच त्या थांबल्या.

“इथे तार वापरलीत. तिचे तुकडे?”

मनस्वीने तुकडे जमवून ठेवलेली वाटी पुढे केली. बाईंनी प्रत्येक तारेचे तुकडे टोकाला टोक लावून जुळवून पाहिले. एकही कमी नव्हता. विमानात राहिलेला तारेचा तुकडा कुठेही अडकू शकतो, हे आबांनी तिला पहिली तार घेतानाच सांगितलं होतं.

“हे काम कोणी केलं?” त्यांनी नोंदवही उघडत विचारलं.

“मी. मनस्वी निकम, इयत्ता सातवी.”

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, नाव जसंच्या तसं लिहिलं आणि खाली सही केली.

शनिवारी सकाळी भिंगरी गवतावरून धावली आणि चाकं जमिनीवरून सुटली. आबांनी टोपी काढून छातीशी धरली.  वीस मिनिटांनी आत्या अलगद उतरली, इंजिन बंद केलं आणि दार उघडून खाली उडी मारली.

“सुंदर उडतंय! फक्त उजवीकडे जरासं ओढतंय. का, ते कळत नाही.”

मनस्वी तोवर उजव्या पंखाखाली शिरलीसुद्धा होती. “किती ओढतंय, आत्या? सगळ्या वेगांना सारखंच, की वेग वाढला की जास्त?”