रिकाम्या खोलीचा आवाज

खरं तर रेकॉर्डिंगला ताई जायची होती. ऐन वेळी तिचा घसा बसला आणि तिने खुणेनेच धाकटीला दाराबाहेर काढलं. दोघींचा आवाज इतका सारखा, की फोनवर आईसुद्धा फसायची.

रेकॉर्डिस्ट मात्र पहिल्याच वाक्याला काचेपलीकडून म्हणाला, "तुम्ही त्या नव्हेत."

"कशावरून?"

"त्या श्वास चोरत नाहीत."

कॉलेजात फिजिक्स शिकवणारी, चारचौघांत फटकळ म्हणून नावाजलेली ती — चक्क लाजली.

बोलता शब्दकोश होता तो. इंग्रजी शब्द, अर्थ, मग उदाहरणं. तिने वाचायचं, त्याने ऐकायचं. पुढे ताईचा घसा मोकळा झाला, पण अदलाबदलीचा विषय कुणीच काढला नाही. बघता बघता कोश डब्ल्यूवर आला. त्याने परगावची नोकरी धरली होती... उद्या निघणार होता.

"आज 'वॉन्ट'," तो म्हणाला. "रोजचाच शब्द. पटकन उरकेल."

तिने वाचलं. हवं असणं. वस्तू हवी असेल तर तिचं नाव थेट पुढे. काही करायचं असेल तर मध्ये 'टू'. दुसऱ्याने काही करावं असं वाटत असेल, तर आधी तो माणूस, मग 'टू'. आणि जुना अर्थ — उणीव असणं.

"म्हणजे जे नाही तेच हवं असतं. कोशवाले हुशार आहेत."

"ते नुसतं लिहितात. हुशारी तुम्हीच करताय."

शेवटी, नेहमीप्रमाणे, खोलीची शांतता टिपायची होती. शब्दांमधल्या फटी भरायला ती लागते. तेवढा वेळ कुणी हलायचं नाही. आज तो आत येऊन तिच्यासमोरच उभा राहिला. भिंतींवरच्या जाड फोमने जगाचा आवाज गिळला होता. तिला कानात स्वतःचं रक्त ऐकू येत होतं.

मग त्याने ती शांतता तपासायला हेडफोन लावला... आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने हेडफोन काढून तिच्यापुढे धरला.

आत तिचाच आवाज होता. नीटस, कोशातल्यासारखा. *आय वॉन्ट हिम टू स्टे.*

"आधीचं काहीतरी उरलंय," ती कशीबशी म्हणाली.

"हे वाक्य कोशात नाही. आणि तुमचे ओठ मिटलेले होते... मी बघत होतो."

"आवाजाला स्रोत लागतो."

"तो माझ्यासमोर उभा आहे."

पुन्हा टिपलं. या वेळी तिने ओठांवर तळहात दाबून धरला. तेच वाक्य — पण जवळून, कुजबुजत, जणू कुणी तिच्या घशात बसून घाई करत होतं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण बोललो नाही, तर हा आवाज आपल्याला न विचारताच सगळं बोलून टाकेल.

तिने हेडफोन काढला.

"थांब ना," ती म्हणाली. "हे मी म्हणतेय. माझ्या तोंडाने."

त्याने तिच्या हातातून हेडफोन घेतला.

"एकदा परत घेऊ?" त्याने हळूच विचारलं.

घेतलं. हेडफोनची एकेक बाजू कानाशी धरून, डोक्याला डोकं टेकवून दोघांनी ऐकलं. तिचा आवाज गेला होता. नुसती शांतता... आणि अगदी शेवटी, पुरुषाचा आवाज. "थांबतो."

"हे मी बोललो नाही," तो पांढराफटक पडला.

"ठाऊक आहे. खरं आहे का, तेवढं सांग."

त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "सर, मी रुजू होत नाहीये."

फोन ठेवला. तिचा हात त्याच्या हातात आला. दोघंही गप्प होते; काचेपलीकडे आवाज मोजणाऱ्या मीटरची सुई मात्र हलत होती.

हेडफोन कुणीच उचलला नाही.