एकशे चौऱ्याऐंशी पौंड

आमची आरव्ही दोन वर्षं अंगणात का उभी आहे, असं सगळेच विचारतात. विकत का नाहीस, असंही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मध्येच हसलात तर मात्र उठून जाईन.

मी एकतीस वर्षं मोंटानाच्या रस्ते खात्यात पूल तपासले. निवृत्त झाल्यावर हे चाकांवरचं घर घेतलं आणि लॅपटॉपवर सहलीचे रस्ते आखायचा एक प्रोग्राम घेतला. त्यात गाडीची उंची, लांबी, वजन भरायचं, मग तो आपल्याला झेपेल तोच रस्ता दाखवतो. मी त्यात कढया, चादरी, डब्यातला घेवडा, सगळ्याचं वजन भरलं होतं. आमच्या दोघांचंसुद्धा. बायको, मार्लिस, मला हसायची. “गेलन, माझी कानातलीसुद्धा तोलून घे,” म्हणायची.

त्या दिवशी सकाळी तिच्या भावाच्या नर्सचा फोन आला. ऑरिनचा कॅन्सर शेवटाला आला होता. संध्याकाळपर्यंत तग धरेल कदाचित, ती म्हणाली. मार्लिसला त्याला जिवंत बघायचं होतं, बस्स, तेवढंच. नदीवरच्या लाकडी पुलावरून गेलो तर त्याचं घर तासाभरावर. पूल चुकवला तर दीडशे मैलांचा वळसा, तोही डोंगरातून.

पुलाला वीस हजार पौंडांची मर्यादा. प्रोग्राममध्ये आमची बेरीज एकोणीस हजार नऊशे. आता सांगा, इतक्या काठावर असताना एकदा तोलून बघायला नको? वाटेत धान्याच्या कोठाराचा वजनकाटा लागला आणि मी गाडी आत घेतली.

“गेलन, नको ना रे. चल ना!” मार्लिस म्हणाली.

“दोन मिनिटं,” मी म्हणालो.

काट्यावर आकडा आला वीस हजार चौऱ्याऐंशी. माझ्या बेरजेपेक्षा एकशे चौऱ्याऐंशी पौंड जास्त. मी तो आकडा भरला आणि प्रोग्रामने पटकन पूल पुसून टाकला, दीडशे मैलांची निळी रेघ काढली. माझं डोकंच सणकलं. पाण्याची टाकी रिकामी होती. डिझेलचा हिशेब धरला होता. मग हे आलं कुठून?

“खुर्च्या आणि जनरेटर इथे ठेव आणि चल,” मार्लिस म्हणाली. “परतताना घेऊ.”

“अगं, पण आलं कुठून ते तर कळू दे!”

“मला नाही कळून घ्यायचं! माझा भाऊ मरतोय, आणि तू आकडे काय मोजतोयस?”

तिचं बरोबर होतं. पण माझ्याच्याने सुटेना. ज्या वजनाचा पत्ता लागत नाही ते पुलावर न्यायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी कपाटं उघडली, पलंग उचलला, खाली आडवा होऊन चाकांचे आस बघितले. भर दुपार, आकाशात ढगाचा तुकडा नाही. एंजिन बंद केलं तर वाऱ्याचाही आवाज येईना. आत मात्र ओल्या मातीचा वास येत होता. त्या भागात दोन महिने पाऊस नव्हता. मला वाटलं कुठेतरी गळतंय, आणि मी आणखीच चिडलो.

शेवटी म्हटलं, रिकामी गाडी तोलू. आम्ही दोघं उतरून लांब जाऊन उभे राहिलो. काट्यावर नोरीन नावाची बाई होती, तोंडाने फटकळ. ती खिडकीतून ओरडली, “सगळे उतरा म्हटलं ना मी!”

“सगळे उतरलोय की!”

“मग तो मागे बसलेला कोण? मान खाली घालून?”

मी धावत आत गेलो. कोणी नव्हतं. पलंगाशेजारच्या बाकावरची गादी मात्र मध्ये दबलेली होती. मी बघत होतो तरी ती वर येईना... मी हात लावला नाही. कुणाला सांगितलंही नाही. आकडा आमच्या दोघांच्या वजनाइतकाच उतरला होता, वरचे एकशे चौऱ्याऐंशी तसेच.

तोवर मार्लिसने डिकी उघडून खुर्च्या, जनरेटर, माझी अवजारांची पेटी जमिनीवर आपटली होती. ती रडत होती. “चाळीस मिनिटं, गेलन! चाळीस मिनिटं खाल्लीस तू माझी!” पुन्हा तोललं. वीस हजाराच्या खाली आलो. मी आकडा भरला, निळी रेघ पुलावर आली, आणि आम्ही निघालो. पूल ओलांडताना मी एकदाही आरशात बघितलं नाही.

ऑरिनच्या दारात गाडी थांबवली. एंजिन चालूच होतं, आमचे पट्टेसुद्धा सुटले नव्हते. मागच्या पायरीची करकर ऐकू आली... आणि गाडी एका बाजूने हळूच वर उचलली गेली. जड माणूस उतरला की उचलते, तेवढी. दार बंदच होतं. मार्लिसचं लक्ष नव्हतं, ती पळत घरात गेली.

ऑरिन जागा होता. नर्स म्हणाली, सकाळपेक्षा बरा वाटतोय, दोन चमचे सूपही प्यायला. मार्लिसने त्याचा हात धरला. “आले रे मी. उशीर झाला, ह्याच्यामुळे.”

ऑरिन तिच्याकडे बघून हसला. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. मी दारात होतो. तो माझ्याकडे बघत नव्हता. आमच्या दोघांच्या मध्ये, जिथे कोणीच नव्हतं, तिथे बघत होता.

“मार्ली,” तो अगदी हळू म्हणाला, “ह्यांना इतक्यात का घेऊन आलीस?”

तेवढंच बोलला. मग गेला.

मार्लिसला वाटतं तो माझ्याबद्दल बोलला. ती चाळीस मिनिटं तिने मला अजून माफ केलेली नाहीत. भांडण झालं की तीच काढते. बोलू काय? आणखी चार तास तिथेच शोधत बसायला हवं होतं, हे तिला कसं सांगू?

परतताना तिने खुर्च्या घ्यायला काट्यापाशी थांबायला लावलं. मी सामान भरलं, पण गाडी काट्यावर घेतली नाही.

आता मुलीचे दिवस भरत आलेत. मार्लिस रोज लॅपटॉप माझ्यापुढे आणून आपटते. “तिला पहिलं बाळ होतंय, गेलन. रस्ता काढ.” मी पत्ता घालतो. प्रोग्राम वजन विचारतो. मी लॅपटॉप मिटतो आणि म्हणतो, “विमानाने जा.”