ऑर्व्हलच्या कललेल्या पाट्या

एप्रिलचं धुकं आमच्या दरीत उतरलं की कुंपणसुद्धा दिसत नाही. त्या धुक्यात माझी नात टॅन्सी कोंबड्यांना दाणे टाकायला फाटकापाशी गेली, तर एक परका पोरगा वाकून रस्त्याकडेची पाटी न्याहाळत होता.

"माझ्या बाबांची पाटी उपटताय?"

"नाही... मोजतोय."

"शहरात मोजायला शिकवतात वाटतं?"

तो हसला. मग हळूच म्हणाला, "ही काल इथं नव्हती."

टॅन्सीनं बघितलं. खरंच नव्हती.

पाटी माझ्या लेकाच्या, ऑर्व्हलच्या प्रचाराची. गव्हर्नर व्हायचं म्हणून पक्षाच्या उमेदवारीसाठी तो लढत होता, आणि मार्चात वारला. मतपत्रिका छापून झाल्या होत्या, म्हणून नाव तसंच राहिलं. नव्या पाट्या आम्ही कुणीच लावल्या नव्हत्या. तरी त्या वाढत होत्या... आणि सगळ्या उजवीकडे कललेल्या. ऑर्व्हल डावखुरा, त्यानं ठोकलेलं काहीच कधी सरळ उभं राहिलं नाही. माझं खुराडं बघा!

पोराचं नाव जूलियन. इंटरनेटवर म्हणे बाजार भरतो, निवडणूक कोण जिंकणार यावर लोक पैसे लावतात. तिथं मेलेल्या ऑर्व्हलचा भाव रोज चढत होता. का, ते बघायला हा आला होता.

आला तो रेंगाळला. पाट्या मोजायला टॅन्सीही जाऊ लागली. अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये रानकांद्याच्या पातीचं जेवण होतं, तिथं त्यानं ताटाचा वास घेतला नि नाक मुरडलं.

"हे खाल्लं की आठ दिवस जवळ कुणी येत नाही," टॅन्सी म्हणाली.

"आणि दोघांनी खाल्लं तर?"

"तर... एकमेकांचा वास कळत नाही म्हणतात."

दोघांनी ताटं चाटूनपुसून साफ केली. मी आंधळी नाही.

मतदानाच्या आदल्या रविवारी मी त्याला माझ्या टेबलावर बसवलं नि विचारलं, "ऑर्व्हलवर किती लावलेस रे?"

त्यानं काटा खाली ठेवला. टॅन्सी आजीला मॅमॉ म्हणते, तसं तोही म्हणू लागला होता. "त्यांच्यावर नाही, मॅमॉ... ते हरणार, यावर. सगळी बचत."

टॅन्सी पांढरी पडली. "म्हणजे माझे बाबा हरावेत म्हणून रोज माझ्याबरोबर हिंडत होतास?"

"टॅन्सी, ऐक —"

"ऊठ," मी म्हणाले. "माझ्या लेकाच्या हरण्यावर जेवणाऱ्याला माझ्या घरात बिस्कीटसुद्धा नाही."

तो गेला. त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पोरगी संध्याकाळपर्यंत बघत राहिली. निकाल लागला की तो कायमचा जाणार, हे तिलाही ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी रेडिओवर निकाल आला. ऑर्व्हल हरला होता. पायऱ्यांवर जूलियन उभा. टॅन्सीनं जाळीचं दार उघडलं नाही.

"जिंकलास. आता जा."

"नाही जिंकलो. रविवारीच ती पैज त्या बाजारात तोट्यात विकून टाकली. तुझे बाबा हरावेत असं मनात ठेवून तुझ्या दारात... कसा उभा राहू?"

दाराची कडी वाजली.

"आणि खरं सांगू?" तो म्हणाला, "त्या पाट्यांपायीच मी राहिलो. माझ्या वाटेवर तू रोज नवी लावायचीस..."

"मी? मला वाटलं, तू लावतोस... मला बरं वाटावं म्हणून."

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"माझे गुडघे बघा आणि मग संशय घ्या," मी म्हणाले.

तेवढ्यात टॅन्सीनं त्याची बाही घट्ट धरली. पायऱ्यांपाशी, जिथून तो आत्ताच चालत आला होता, तिथं एक पाटी उभी होती. ओल्या चिखलात पावलं फक्त जूलियनची. पाटी उजवीकडे कललेली.

मी खाली उतरले. पाटीवर हात ठेवला. गार होती.

"हरलास तरी ठोकतोयस का रे, गाढवा? दिलीस ना पोरगी चांगल्या हातात. आता झोप."

त्यानंतर एकही पाटी वाढली नाही.

जूनमध्ये दोघांचं लग्न झालं. चर्चकडे वळायच्या बाणाची पाटी जूलियननं स्वतः, ओळंबा लावून ठोकली होती. लग्न लावून आम्ही बाहेर आलो, तेव्हा ती उजवीकडे कलली होती.

टॅन्सी हसली, रडलीही. सरळ करायला कुणी पुढं झालं नाही.