पलीकडच्या काठावरचं घर

जयंत खांबेटेला खोटं बोलायची सवय नव्हती. त्यामुळे बोलायची वेळ आली तेव्हा किती बोलावं, याचं त्याला मापच राहिलं नाही.

दिल्लीत सरकारी नकाशे विकणाऱ्या एका दुकानात तो काउंटरवर बसे. साल शहाऐंशी. जानेवारीतला बुधवार, दुपारच्या जेवणाची सुट्टी. बाहेर थंडीतल्या पावसाची भुरभुर चालली होती आणि आत जयंत हीटरवर हात शेकत बसला होता. तेवढ्यात एक मुलगी आत आली. शालीवर पावसाचे थेंब, नाकाचा शेंडा गारठून लाल.

"भाईसाहब, महाराष्ट्र का नक्शा... मतलब, पूरे का नहीं. अकोले तालुका. मुळा नदी."

"मराठीत सांगा ना. चालेल मला."

ती एकदम हसली. परक्या शहरात आपली भाषा कानावर पडली की माणूस हसतं तसं. जयंतच्या मात्र ते थेट काळजाला भिडलं, आणि नकाशा शोधताना त्यानं तीनदा तोच खण उघडला.

तिचं नाव उल्का आवारी. मिनिस्ट्रीत असिस्टंट, घर मयूर विहारला, घरात ती आणि आई. वडील राजाभाऊ तीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी दिल्लीत आले, ते दरवर्षी "पुढच्या वर्षी नक्की गावी जाऊ" म्हणत राहिले आणि मागच्या पावसाळ्यात गेले ते कायमचेच. उल्काच्या सर्व्हिस बुकात 'होमटाउन' या रकान्यात त्यांचं गाव होतं— साकुरदरा. जन्मल्यापासून ऐकलेलं, एकदाही न पाहिलेलं. यंदा एप्रिलमध्ये रजा काढून ती आईला घेऊन तिथे जाणार होती.

जयंतनं नकाशा पसरला. निळी रेघ डोंगरातून निघून वळणं घेत खाली येत होती. "या तपकिरी रेघा अशा दाटल्या ना, की उभा कडा समजायचा. इथे विरळ झाल्यात, म्हणजे शेतं. आणि हे बघा... साकुरदरा."

ती वाकली. कितीतरी वेळ त्या नावाकडे बघत राहिली. मग हळूच नावाखालून बोट फिरवलं. डोळे भरून आले होते, ते तिनं शालीनं टिपले.

"तुम्ही तिकडचेच का? इतकं छान सांगताय..."

आता जयंत हा करोल बागेतला, तिसऱ्या पिढीचा दिल्लीकर. त्याआधीचे खांबेटे ग्वाल्हेरचे. महाराष्ट्र त्यानं एकदाच पाहिला होता, सातव्या वर्षी, पुण्याला कुणाच्या तरी मुंजीत. पण ती अशी आशेनं बघत होती की "नाही" हा शब्द त्याच्या तोंडातून निघेना.

"हो. म्हणजे... अगदी साकुरदऱ्याचे नाही. पलीकडच्या काठावरचे." त्यानं नदीपलीकडच्या चार लाल ठिपक्यांवर बोट टेकवलं. "वाघवाडी."

उल्कानं त्या बोटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"अच्छा," ती म्हणाली. "वाघवाडी." जरा थांबून म्हणाली, "हा नकाशा घेते मी."

"शिल्लक नाही. ही ऑफिसची प्रत आहे. पण... इथे येऊन केव्हाही बघा."

खालच्या खणात सात प्रती पडल्या होत्या.

ती येत राहिली. दर बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत, डबा घेऊन. नकाशाला तेल लागू नये म्हणून दोघं काउंटरच्या टोकाला बसून आधी जेवत आणि मग प्रवास आखत. झेलम एक्सप्रेसनं कोपरगाव, तिथून एस.टी.नं संगमनेर, पुढे कोतूळ, मग पायी. उल्का वहीत सगळं लिहून घेई. नदी कुठे ओलांडायची, डोंगर कुठल्या वळणावर दिसू लागेल, हे जयंत रेघांवरून सांगे, आणि ते खरंही होतं. पण तिचं तेवढ्यानं भागत नसे.

"नदीचा आवाज घरात येतो तुमच्या?"

"येतो ना. पहाटे तर... उशाशी असल्यासारखा."

"आणि अंगण?"

"सारवलेलं. दाराच्या उजव्या हाताला जास्वंद आहे. आईनं लावलेली."

ती तळहातावर हनुवटी टेकून ऐके. मधूनच डोळे मिटून घेई. तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघताना जयंतला स्वतःची इतकी लाज वाटे की पुढच्या बुधवारी सगळं सांगून टाकायचं, असं तो मनाशी घोकून ठेवी. आणि पुढच्या बुधवारी ती आली की जास्वंदीशेजारी आणखी एक तुळस उगवे.

"खांबेटेजी," शेजारच्या काउंटरवरचा श्याम म्हणे, "मॅडम को नक्शा बेचोगे भी, या दिखाते ही रहोगे?"

बाकीचे सहा दिवस जयंत दाराकडे बघत काढी. गंमत म्हणजे, जिथे तो कधी गेलाच नव्हता त्या अंगणाची त्याला आठवण येऊ लागली होती. बसच्या गर्दीत उभ्या उभ्या त्याला ते दिसे, आणि दरवेळी त्या अंगणात उल्का उभी असे. तिच्यावाचून आता आपलं काही खरं नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. पण ती तिकडे जाऊन आली की त्याची थाप उघडी पडणार होती, आणि मग ती या दुकानाची पायरी कशाला चढेल?

मार्च उजाडला. स्वेटर गेले, हीटर माळ्यावर गेला. एका बुधवारी डबा उघडता उघडता उल्का म्हणाली, "आई विचारत होती, उतरायचं कुठे? साकुरदऱ्यात आमचं कुणीच उरलं नाही. मी म्हटलं, खांबेट्यांच्या घरी. तुमच्या आईंना एक पत्र टाकाल ना?"

जयंतनं हातातला घास डब्यात परत ठेवला.

"बिल्कुल," तो कसाबसा म्हणाला.

तो आठवडा त्याला गेला कसा, त्याचं त्यालाच ठाऊक. आई गावाला गेलीय म्हणावं, घर पडलंय म्हणावं, सगळं मनात जुळवून पाहिलं. पण दरवेळी तिचे ते मिटलेले डोळे आठवत आणि पुढची थाप जुळेना. बुधवारी ती दारातून आत आली आणि बसायच्या आधीच त्यानं खालचा खण ओढला. सातही प्रती काउंटरवर ठेवल्या.

"हे नकाशे पहिल्या दिवसापासून इथेच होते. मी तुम्हाला संपले म्हणून सांगितलं. आणि मी वाघवाडीचा नाही. करोल बागेचा आहे, आईही तिथेच असते. ती नदी मी कधी पाहिलेलीच नाही, उल्का. जास्वंदही नाही. तुम्ही पुन्हा यावं म्हणून..."

उल्का शांतपणे स्टुलावर बसली.

"माहीत आहे."

"काय?"

"वाघवाडी नाहीच आहे. बाबा दहा वर्षांचे असताना पुरात गेली. माणसं वाचली, ती आमच्या काठावर राहायला आली. तिकडे नुसते दगड आहेत." तिनं नकाशाचा कोपरा त्याच्याकडे वळवला. "सर्वे कधीचा आहे, वाचा तरी."

पुराच्या कितीतरी आधीचा होता. रोज गिऱ्हाइकांना सर्वेचं साल दाखवणाऱ्या जयंतनं या एका नकाशाचं साल पाहिलं नव्हतं. त्याचे कान तापले.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून... मग येत का राहिलात?"

"आधी राग आला होता. म्हटलं, बघू किती फेकतो हा माणूस." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "बाबा होते तोवर रोज संध्याकाळी त्या नदीच्या गोष्टी व्हायच्या. ते गेले आणि घरात कुणी तिचं नावच काढेना. आईला रडू येतं, म्हणून मीही गप्प. तुम्ही थापा मारत होतात, कळत होतं यार मला. पण मला ऐकायचं होतं. मग हळूहळू... बुधवार आला की सकाळपासूनच..."

वाक्य तिनं अर्धंच सोडलं. जयंतनंही ते पुरं करायला लावलं नाही.

"आणि आईला पत्र टाका म्हणालात ते?"

"किती दिवस वाट बघायची मी? म्हटलं, आता तरी खरं बोलाल."

तिनं पर्समधून रिझर्वेशनचा फॉर्म काढून नकाशावर ठेवला. पहिल्या ओळीत तिचं नाव होतं, दुसऱ्या ओळीत आईचं, पद्मजा आवारी. तिसरी ओळ कोरी होती.

"मामेभाऊ येणार होता, त्याला रजा मिळाली नाही. आई म्हणते, रस्ता माहीत असलेलं कुणीतरी बरोबर हवं."

"पण मला रस्ता..."

"नकाशा वाचता येतो ना? पुष्कळ झालं. आईला सगळं सांगितलंय, वाघवाडीसकट. इतकी हसली... बाबा गेल्यापासून पहिल्यांदा." तिनं पेन पुढे केलं. "आणि खाली पत्ताही तुम्हीच लिहा. खरा."

जयंतनं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग सावकाश घराचा नंबर, गल्ली, करोल बाग.

उल्कानं पत्ता वाचला. पुन्हा एकदा वाचला.

"म्हणजे तुमच्या घरी यायला झेलम लागत नाही तर. बस पुरते." तिची नजर अजून कागदावरच होती. "रविवारी येऊ? आईंना भेटायला... आणि जास्वंद बघायला."

"जास्वंद नाहीये, उल्का. गच्चीवर एक रिकामी कुंडी आहे फक्त."

"मग लावा की," ती म्हणाली. "दाराच्या उजव्या हाताला."